आधी नाव सांगा, मग पुस्तक देऊ!

शेतकरी वाचीत नाही, कोळी वाचीत नाही, आणि कारखान्यातला कामगार तर पुस्तकाला शिवतसुद्धा नाही, असा टाहो शहाणी मंडळी नेहमी फोडीत असतात. व्याख्यानात तेच, वर्तमानपत्रात तेच, वाचनालयाच्या वार्षिक अहवालातही तेच. "वाचनाची आवड लोप पावत आहे" हे वाक्य लिहिल्याखेरीज ह्या मंडळींचा अहवाल पुरा होत नाही. वाचकहो, ज्याच्या गोठ्यात कधी म्हैस बांधलीच नाही त्याला "तुला दुधाची आवड नाही" असे म्हणण्यासारखाच हा प्रकार नव्हे काय? आमच्या घरात पुस्तक आले किती, ते कोणी आणले, आणि आले ते आमच्या कामाचे होते की नव्हते, हे प्रश्न कोणी विचारीत नाही. ते आज आम्ही विचारणार आहो.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. बोईसर बाजूच्या एका गावी आम्ही वाचनालयात गेलो होतो. गावाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण असे गाव एकच नाही. आमच्याबरोबर एक शेतकरीण बाई होत्या. वय पंचेचाळीसच्या आसपास, शाळा चौथीपर्यंत. पुढे अक्षरे पार विसरल्या होत्या, ती धाकट्या मुलीच्या अभ्यासाबरोबर पुन्हा धरली. आता पाटी सुटली, बसवरची पाटी वाचता येते, रेशनची पावती वाचता येते. बाईंच्या मनात आले, एखादे पुस्तक वाचून पाहावे. भात लावून झाले होते, दोन घटकांची सवड होती.

कारकून सज्जन होता. म्हणाला, "काय पाहिजे, मावशी?"

"वाचायला पुस्तक पाहिजे."

"कुठलं? नाव सांगा."

बाई गप्प.

"बरं, लिहिणाऱ्याचं नाव तरी?"

"नाव माहीत असतं तर इथं कशाला आले असते, दादा?"

कपाटे काचेची, काचेवर धूळ, व त्यांना भले मोठे कुलूप. किल्ली सेक्रेटरींकडे, आणि सेक्रेटरी लग्नासाठी मुंबईस गेलेले. कारकुनाने बिचाऱ्याने टेबलावरचा ढीग उपसला. बाई म्हणाल्या होत्या, "जरा सोपं बघा," म्हणून त्याने सशाच्या गोष्टीचे एक चित्रांचे पुस्तक पुढे केले. बाईंनी दोन पाने उलटली व पुस्तक परत दिले. "मला नात व्हायची वेळ आली, आणि ससा-कासव मला सांगता होय?" असे म्हणून त्या हसल्या, छत्री उघडली व चालू लागल्या. अहवालात त्या दिवशी वाचकांच्या संख्येत एकाची घट झाली असेल. कारण? वाचनाची आवड लोप पावत आहे!

त्या कारकुनावर आमचा राग नाही. तो तुटपुंज्या पगारावर दिवस काढतो. राग आहे तो त्या दोन शब्दांचा: "नाव सांगा." वरवर किती साधे शब्द, पण त्यांच्या पोटात पिढ्यान्‌पिढ्यांचा अन्याय दडलेला आहे. पुस्तकांची नावे काही आकाशातून पडत नाहीत. ज्यांच्या घरी आजोबांच्या वेळेपासून फळीवर ग्रंथ मांडलेले आहेत, त्यांच्या मुलांना ही नावे दुधाबरोबर मिळतात. मामा सांगतो, शेजारचे प्रोफेसर सांगतात, जेवताना बापलेकांचा त्यावर वाद होतो. आमच्या घरी मामा येतो तो कोणते बियाणे ह्या वर्षी फसवे निघाले ते सांगतो, होडीला कुठले इंजिन बसवावे ते सांगतो. तेही ज्ञानच आहे, व पोट भरणारे आहे. परंतु त्या ज्ञानाने काचेचे कपाट उघडत नाही.

आता पालघरच्या बाजारातला तांदळाचा दुकानदार पाहा. मुंबईचा पाहुणा येतो. वाडा कोलम म्हणजे काय, झिणी म्हणजे काय, त्याला काडीचे ठाऊक नसते. दुकानदार त्याला "आधी वाणाचे नाव सांगा" असे म्हणून वाटेला लावतो काय? तो पोत्याचे तोंड सोडतो, मूठभर दाणे गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवतो, वास घ्या म्हणतो. घरात माणसे किती, म्हातारे कोणी आहे काय, रोजचा पाहिजे की सणाचा, हे विचारतो, आणि मग सांगतो, "हा न्या, नाही आवडला तर परत आणा." शिफारस म्हणतात ती ह्याला! एका वाण्याला जे कळते ते पदवीधरांच्या कमिटीला कळू नये, ही मोठी नवलाची गोष्ट आहे.

आणि हे काही आमच्या डोक्यातले नवे खूळ नव्हे. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल शि. रा. रंगनाथन ह्यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम ग्रंथरूपाने मांडले. सगळ्या जगाने ते मानले, आमच्याकडे ग्रंथपालाच्या परीक्षेला ते पाठ करून लिहावे लागतात. त्यांचा भावार्थ असा की पुस्तके वापरण्यासाठी असतात, जपून ठेवण्यासाठी नव्हेत, आणि वाचक व त्याचे पुस्तक ह्यांची गाठ घालून देणे हेच ग्रंथपालाचे खरे काम. त्या पाचांत "वाचकाने आधी नाव सांगावे" असा नियम आम्हाला कोठे आढळला नाही. हा सहावा नियम आमच्या कमिट्यांनी पदरचा घातलेला दिसतो.

त्याच्याही आधीची गोष्ट. कवळाण्याच्या शेतकरी घरातून बडोद्याच्या गादीवर गेलेल्या सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन नावाचा ग्रंथपाल आणविला व राज्यभर ग्रंथालयांचे जाळे विणले. मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी वेगळी खोली केली. गावोगाव पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या धाडल्या. एका गावी वाचून झाली की पेटी पुढच्या गावी. मोठ्यांसाठी 'सयाजी साहित्यमाला' व मुलांसाठी 'सयाजी बालज्ञानमाला' काढून सोपी पुस्तके मुद्दाम लिहवून घेतली. नवसारी प्रांत त्याच राज्याचा. आमच्या पालघर-बोईसरवरून जाणारा लोहमार्ग नवसारी-बडोद्यासच जातो. म्हणजे शंभरावर वर्षांमागे ह्या रुळांच्या त्या टोकाला पेटी वाचकाच्या दाराशी जात होती, आणि ह्या टोकाला आज वाचक कपाटाच्या दाराशी येतो तर कपाट म्हणते, नाव सांग!

आमच्याच जिल्ह्यात ह्याहून मोठे काम झाले आहे, व ते करणाऱ्या दोघी बाया पांढरपेशा घरच्या होत्या हे कबूल करताना आम्हाला कमीपणा वाटत नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्यांनी १९४५ साली बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, पुढे १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारल्यांची पोरे शाळेत येत नाहीत असे रडत त्या बसल्या नाहीत. शाळाच अंगणात नेली. गुरे राखणारी पोरे कुरण सोडून येईनात, तर शाळा कुरणात गेली. शिंपले, पाने, बिया, खडे हेच तिचे साहित्य. "मुले शिकत नाहीत" ह्या वाक्याला त्यांनी उत्तर दिले ते असे. मग "लोक वाचीत नाहीत" म्हणणाऱ्यांनी आपले कपाट कोठवर नेले, हे आम्ही विचारू नये काय?

आता पुस्तकांच्या याद्यांकडे वळू. वर्षाअखेर वर्तमानपत्रांत "वाचलीच पाहिजेत अशी पुस्तके" म्हणून याद्या येतात. याद्या करणारे कोण? प्राध्यापक, संपादक, व एकमेकांच्या पुस्तकांना प्रस्तावना लिहिणारे ग्रंथकार. यादीत बक्षिसे असतात, प्रकाशकाचे नाव असते, भारी शब्द असतात. हे पुस्तक कोणाच्या हाती द्यावे, किती शिकलेल्याला झेपेल, मोठ्याने वाचून दाखविण्याजोगे आहे काय, किंमत किती, एवढेच तेवढे नसते. २०२५-२६ साली आमच्या राज्यात रोजगार हमीची मजुरी रोज ३१२ रुपये होती. बरी जाडजूड कादंबरी घ्यायची तर तेवढे पैसे लागतात. दिवसभर घमेली वाहून आणलेली मजुरी घालून घेतलेले पुस्तक पहिल्याच पानावर अडले, तर तो माणूस पुन्हा दुकानाकडे फिरकेल काय?

महात्मा फुल्यांना हे फार पूर्वी दिसले होते. १८८५ साली पुण्यास मराठी ग्रंथकारांची सभा भरायची होती, न्यायमूर्ती रानड्यांनी जोतीरावांना बोलावणे धाडले. जोतीराव गेले नाहीत. ज्यांच्या ग्रंथांत आमच्या लोकांच्या सुखदुःखाचा मागमूस नाही त्यांच्यात आम्ही मिसळून काय करावे, अशा अर्थाचे खरमरीत पत्र त्यांनी पाठविले. परंतु लक्षात घ्या, जोतीराव पुस्तकांवर रुसले नाहीत. माळ्याच्या ह्या मुलाची शाळा सुटली होती, तेव्हा शेजारचे गफार बेग मुनशी व लिजिट साहेब ह्यांनी बापाला समजावून त्याला १८४१ साली पुन्हा शाळेत घालविले. पुढे टॉमस पेनचा ग्रंथ हाती आला व त्या तरुणाचे डोळे उघडले. शिफारस करणारा भला माणूस भेटला, आणि पुस्तकापुढे कुलूप नव्हते. ह्या दोन गोष्टी जमल्या नसत्या तर 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला गेला असता काय?

मग आमच्यापर्यंत येतात ती पुस्तके कोणती? चैत्रात विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या जत्रेत जाऊन पाहा, किंवा बोईसर स्टेशनाबाहेर. पोथ्या, व्रतकथा, राशिभविष्य हा एक ढीग, आणि भरतीच्या परीक्षांची गाईडे हा दुसरा. एक ढीग मेल्यानंतरची सोय सांगतो, दुसरा नोकरीची आशा लावतो. मधल्या सबंध आयुष्यासाठी एक पान नाही! गाईड वाचून नोकरी लागली तर आनंदच आहे, आमची त्याला ना नाही. पण गाईड पुरे झाले की मुलगा पुस्तक जन्मात हाती धरीत नाही, कारण पुस्तक म्हणजे घोकण्याची वस्तू एवढेच त्याला कळलेले असते.

कोणी म्हणतील, तुम्ही नुसती टीका करता, पुस्तके तर सांगा. सांगतो. आणि विद्वानांच्या तऱ्हेने नव्हे, तांदळाच्या दुकानदाराच्या तऱ्हेने सांगतो.

त्या मावशींना आम्ही नंतर बहिणाबाई चौधरींची कविता नेऊन दिली. बहिणाबाई खानदेशच्या शेतकरीण, लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात त्या जे म्हणत ते मुलाने, सोपानदेवांनी, टिपून ठेवले, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली ते छापून निघाले. बोली आपल्याकडची नव्हे, काही शब्द अडतात. पण एकेक कविता लहान, दिवसाला एक पुरते. आठ दिवसांनी मावशी भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "हिला माझ्या घरचं कोणी सांगितलं?" ह्या एका वाक्यापुढे दहा परीक्षणे आम्ही ओवाळून टाकू.

किनाऱ्याची गोष्ट वेगळी. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असतात, जाळी विणीत माणसे ओटीवर बसतात, हात गुंतलेले व कान मोकळे. अशा एका ओटीवर एका नातवाकडून आम्ही 'एका कोळियाने' वाचवून घेतले. अमेरिकेच्या हेमिंग्वेने १९५२ साली लिहिलेली ही गोष्ट पु. ल. देशपांड्यांनी मराठीत आणली. क्यूबा बेटावरचा म्हातारा कोळी, चौऱ्याऐंशी दिवस मासा नाही, हाताखालच्या पोराला आईबापांनी दुसऱ्या होडीवर धाडलेले, आणि मग एकट्याच्या गळाला मोठा मासा लागतो. ओटीवरचे तांडेल आजोबा आधी कुरकुरले, "चौऱ्याऐंशी दिवसांचं कौतुक काय सांगतो? इकडे येऊन बघ म्हणावं!" पण दोरी पाठीवरून घेतल्याचा मजकूर आला तसे जाळे खाली ठेवून म्हणाले, "थांब, पुन्हा वाच. पाठीवरूनच घेतली पाहिजे, नुसत्या हाताने धरली तर बोटं जातील. हा लिहिणारा होडीवर गेलेला आहे." वाचकहो, त्या पुस्तकाच्या लेखकाला १९५४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ते देणाऱ्यांपैकी कितीजणांनी दोरी पाठीवर घेतली होती? तांडेल आजोबांना लिहिता येत नाही, पण ह्या पुस्तकावर मत देण्याचा अधिकार त्यांच्याइतका आम्ही कोणाचा मानीत नाही.

शेतकऱ्याच्या घरी, विशेषतः बारा वर्षांच्या पुढची मुले जेथे आहेत तेथे, 'एक होता कार्व्हर' हे पुस्तक असलेच पाहिजे असे आमचे स्पष्ट मत आहे. वीणा गवाणकर ह्यांनी ते १९८१ साली लिहिले. ह्या बाई स्वतः ग्रंथपालाचे काम केलेल्या, म्हणूनच की काय, वाचकाला कोठे अडवीत नाहीत. गुलामाच्या पोटी जन्मलेला काळा मुलगा पुढे शेतीचा शास्त्रज्ञ होतो, कापसाने नापीक झालेल्या जमिनीत भुईमूग घ्यायला शिकवतो. १९०६ साली त्याच्या टस्कीगीच्या संस्थेने शेतीची अवजारे गाडीत घालून ती गाडी शेतकऱ्यांच्या दारोदार फिरविली. बडोद्याची पेटी, कोसबाडची अंगणातली शाळा, आणि ही टस्कीगीची गाडी, ह्या सख्ख्या बहिणी शोभाव्यात! जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला होता, हे ठाऊक असलेल्याने कार्व्हर वाचावा व कार्व्हर वाचलेल्याने 'गुलामगिरी' वाचावी. एक पुस्तक दुसऱ्याचे नाव सांगते ते असे.

चिंचणी-वरोरकडे दागिन्यांचे साचे कोरणारे कारागीर आहेत, बोटांत डोळे असलेली माणसे. त्यांच्या घरांसाठी उद्धव शेळक्यांची 'धग' (१९६०) सुचवितो. शिंप्याचे कुटुंब, कामधंदा बसलेला, आणि सगळे ओझे ओढणारी कौतिक. सावध करून ठेवतो, वऱ्हाडी बोली आहे व सुख फार थोडे आहे. उदास मनाच्या माणसाच्या हाती एकदम देऊ नये. ज्याला लहान व हलके पाहिजे त्याने व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' घ्यावी. धनगरांच्या वाडीवर मास्तर होऊन गेलेल्या पोराची गोष्ट आहे, दोनतीन बैठकींत संपते. कारखान्यातल्या तरण्या मुलाला आनंद यादवांची 'झोंबी' द्यावी. शेतात राबविण्यासाठी बाप शाळा सोडवितो आणि मुलगा ती सोडीत नाही, ह्यातले दुःख त्याला कोणी समजावून सांगायला नको. दया पवारांचे 'बलुतं', लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' ही सतराअठराच्या पुढच्यांनी जरूर वाचावीत. दहा वर्षांच्या मुलाच्या दप्तरात घालू नयेत. वेळ आली की ती त्याला आपण होऊन शोधतील.

आणि आमच्या जिल्ह्याचे म्हणून एक पुस्तक सांगायचे तर गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०). तलासरी, डहाणू, उंबरगाव ह्या मुलखात वारली वेठीला जुंपले जात, आणि १९४५ साली ते "नाही" म्हणून उभे राहिले, त्याची ही हकीकत. बाईंचा पक्ष कोणाला पटो न पटो. आपल्या आजाने कोणाच्या शेतात फुकट राबून दिवस काढले हे नातवाने वाचू नये काय? वारल्यांवर का. ज. सावे ह्यांनी १९४५ साली मोठे पुस्तक लिहिले, ते इंग्रजीत. पुढेही वारली चित्रांवर देखणी पुस्तके निघाली, तीही बहुतेक इंग्रजीत. जिव्या सोमा मशे ह्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, त्यांची चित्रे परदेशी भिंतींवर गेली. पण ज्या पाड्यावरून चित्र गेले त्या पाड्यावर ते पुस्तक किती आले? चिंचणीच्या भुईत १९५५ साली ताम्रपट सापडले. त्यांतला एक इसवी सन ९२६चा, राष्ट्रकूटांच्या वेळचा. संजाणचा कारभार तेव्हा एका अरब अधिकाऱ्याकडे होता, आणि त्याच्या अमदानीत नदीवर फुकट तर व वाटसरूंसाठी अन्नछत्र चाले, असे त्यावर कोरले आहे. आमच्या भुईतून आमचाच इतिहास वर आला, आणि तोही वाचायचा तर इंग्रजी ग्रंथ धुंडाळावा लागतो! शाळकरी मुलाला झेपेल अशी त्याची पन्नास पानांची मराठी पुस्तिका निदान आमच्या पाहण्यात नाही.

लहान मुलांविषयी थोडक्यात सांगतो, कारण तेथे सोय बरी आहे. माधुरी पुरंदऱ्यांची चित्रांची पुस्तके अक्षर न येणाऱ्या मुलालाही वाचता येतात, व त्यांचे 'वाचू आनंदे' बालगट व कुमारगट असे निराळे केलेले आहे. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते, त्याचे जुने अंक संगणकावर फुकट मिळतात. 'तोत्तोचान' नॅशनल बुक ट्रस्टने मराठीत आणले आहे. रेल्वेच्या डब्यात भरणारी शाळा आहे त्यात, बोईसरच्या पोरांना ती समजावून सांगावी लागणार नाही. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी गोष्टी फुकट आहेत व त्या पायरीपायरीने लावलेल्या आहेत. पायरी म्हणजे वय नव्हे, हे मात्र ध्यानात ठेवा. चाळीस वर्षांचा नवा वाचक पहिल्या पायरीवर असेल, पण त्याचे मन चाळीस वर्षांचे आहे. त्याला अक्षर मोठे, वाक्य लहान व विषय मोठ्या माणसाचा पाहिजे. मावशींना ससा देणाऱ्याची चूक ती हीच.

मोबाइलने वाचन मारले असे म्हणणाऱ्यांना आमचे एकच उत्तर. मोबाइल आमच्या खेड्यांत येऊन पंधरावीस वर्षे झाली असतील. कपाटाचे कुलूप त्याहून जुने आहे. त्याच मोबाइलवर आज 'किशोर' उघडतो व मराठी विश्वकोशही उघडतो. तो कसा उघडावा हे घरातल्या एका मुलाला दाखवा, म्हणजे झाले.

आता दोन शब्द आपल्याच लोकांना. कडू लागतील, लागोत. हळदीच्या रात्री डीजेवर आपण किती पैसे उधळतो? कर्ज काढून उधळतो! त्या पैशांच्या दहाव्या हिश्शात आळीची पेटी भरेल. मुलगा वाचीत बसला तर "अभ्यास कर" म्हणून गोष्टीचे पुस्तक हिसकावतो, मुलगी वाचीत बसली तर "भांडी पडलीत" म्हणतो. आणि चिकूवर फवारायच्या औषधाच्या डब्यावरचा चौकोन कोणी पाहत नाही. लाल म्हणजे जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. हेही वाचनच आहे, आणि ते न केल्याने माणसे दवाखान्यात जातात. तारापूरच्या कारखान्यांत पिंपांवरच्या सूचना इंग्रजीत असतात. त्यांचा अर्थ विचारणे हा कामगाराचा हक्क आहे, पण विचारण्याची सवयही पाहिजे ना?

करायचे काय, तर फार अवघड नाही. ज्या घरी आठवीनववीची मुलगी आहे तिने रोज रात्री दहा पाने मोठ्याने वाचावीत. आईबापांनी ऐकावे व मध्येच थांबवून वाद घालावा, तांडेल आजोबांसारखा. पुस्तक झेपते की नाही हे पाहायला मधले कोणतेही पान उघडा आणि अडलेल्या शब्दागणिक एक बोट मिटा. मूठ वळली तर पुस्तक सध्या ठेवून द्या, ते पळून जात नाही. वीस पाने वाचून मन रमले नाही तर खुशाल सोडा. पुस्तक म्हणजे नवस नव्हे, मध्येच सोडले म्हणून कोपायला. आणि पेटीजवळ एक वही टांगा. ज्याने वाचले त्याने दोन ओळी लिहाव्यात, लिहिता येत नसेल तर सांगाव्यात व मुलाने लिहाव्यात: कोणासाठी चांगले, कोठे कंटाळा आला, कोठे रडू आले. खोटी स्तुती नको. "मला कळले नाही" हेही लिहावे. अशा वहीची शंभर पाने भरली म्हणजे तिच्याइतकी खरी यादी महाराष्ट्रात दुसरी सापडणार नाही.

राहिला वाचनालयांचा प्रश्न. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ सालचा आहे. त्या कायद्याखाली मान्यता मिळालेल्या अ, ब, क, ड वर्गांच्या ग्रंथालयांना सरकारी अनुदान मिळते. ते कमी पडते, वेळेवर येत नाही, कारकुनांचे हाल होतात, ही त्यांची तक्रार खरी आहे व तिला आमचा पाठिंबा आहे. परंतु अनुदान थोडे असो की फार, ते रयतेच्या पैशातून येते. तेव्हा कपाट हे सेक्रेटरींच्या घरचे नव्हे. वाचनालयाची वर्गणी भरा व सभासद व्हा. बायकांच्या नावानेही सभासद व्हा. पुस्तके खरेदीच्या वेळी कोणती मागवायची हे सांगा, वहीतली नावे लिहून द्या. वर्षाची साधारण सभा असते, तिची सूचना लावलेली असते, बहुधा दाराच्या आतल्या बाजूला. ती शोधून काढा, पाचदहा जण मिळून जा, मागच्या बाकावर बसू नका. अहवाल वाचून झाला आणि "लोकांना वाचनाची आवड राहिली नाही" हे वाक्य आले की उभे राहून विचारा, "साहेब, किल्ली कोणाकडे असते?"